राजीनामा तिसऱ्या सायकलनंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत कर्करोगावरच्या नव्या औषधांविषयी आलेला लेख वाचला. चांगला होता. औषध गाठीपर्यंत कसं पोहोचतं, कुणाला कुठलं लागू पडतं, हे साध्या भाषेत सांगितलं होतं. पण वाचून झाल्यावर मला माझा स्वतःचा पहिला आठवडा आठवला. त्या आठवड्यात मला पडलेल्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर अशा लेखांत मिळत नाही. कामावर सांगायचं की नाही? रजा पुरेल का? विमा कशाचे पैसे देईल, कशाचे नाही? घराच्या कर्जाचा हप्ता कसा जाणार? म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते लांबणार, हे मला ठाऊक आहे. जागेअभावी कापावं लागलं तर राजीनाम्याचा भाग तेवढा कृपया ठेवा.

मी एका कारखान्याच्या कार्यालयात पगारपत्रकं करते. एकोणीस वर्षं हेच काम. कुणाची हजेरी किती भरली, कुणाची रजा किती उरली, कुणाचे दिवस बिनपगारी गेले, हे दर महिन्याच्या अखेरीला माझ्या हाताखालून जातं. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४८व्या वर्षी, मला मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचं निघालं. शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या लसिकाग्रंथींपैकी दोन ग्रंथींत आजार सापडला, म्हणजे तिसरा टप्पा, म्हणून पुढे केमोथेरपी ठरली. माझी सायकल एकवीस दिवसांची होती. पहिल्या दिवशी सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन, मग चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस विश्रांती, की पुन्हा पहिला दिवस.

पण हे सगळं नंतरचं. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला त्याच्या चौथ्या दिवशी मी राजीनामा लिहिला होता. तोवर डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं की ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर बहुधा केमो लागेल. मी मात्र मनातल्या मनात सगळा हिशेब उरकला होता. आता कामावर जाणं आपल्याला झेपणार नाही. रोज चौकशी करणाऱ्यांसमोर उभं राहायची ताकद नाही. आणि नोकरी सोडली की इतक्या वर्षांचे साठलेले पैसे एकदम हातात येतील, ते उपचारांना लागतील. रात्री दीड वाजता टेबलाशी बसून तीन ओळी लिहिल्या. यजमानांनाही सांगितलं नाही.

सकाळी आमच्या विभागप्रमुखांनी पाकीट उघडलं, कागद वाचला, होता तसा घडी करून परत पाकिटात घातला आणि माझ्याकडे सरकवला. "हे मी घेतलेलं नाही," ते म्हणाले. "ऑपरेशन होऊ द्या. केमो लागली तर तिच्या तीन सायकली होऊ द्या. तेव्हाही नोकरी सोडावीशी वाटली तर हेच पाकीट घेऊन या. मी अडवणार नाही." त्यांनी धाकट्या भावाचं आजारपण जवळून पाहिलं होतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मला त्यांचा राग आला. माझ्या आयुष्याचा निर्णय हे कोण लांबणीवर टाकणारे, असं वाटलं. पाकीट खणात गेलं.

तिसऱ्या सायकलनंतर मी ते काढून पाहिलं. तारखेत महिना मागचाच पडला होता. एकोणीस वर्षांत एकाही पगारपत्रकावर मी महिना चुकवलेला नाही. चौथ्या दिवशी माझं डोकं किती ठिकाणावर होतं ते त्या तारखेवरून मला कळलं, आणि त्याच डोक्याने मी घराचं पुढचं सगळं ठरवायला निघाले होते.

राजीनामा त्या दिवशी मंजूर झाला असता तर काय झालं असतं, ते सांगते. आमच्याकडे कार्यालयाचा सामूहिक आरोग्यविमा आहे. तो नोकरीवर असेपर्यंतच लागू असतो. म्हणजे माझं ऑपरेशन झालं त्या दिवशी माझ्यामागे कसलाही विमा नसता. आणि आजार कळल्यानंतर नवी पॉलिसी घ्यायला गेलं तर कंपनी एकतर नाही म्हणते, नाहीतर त्याच आजाराला काही वर्षं वगळून देते. हाती येणारी रक्कम मी मोजली होती. त्या रकमेबरोबर काय जाणार होतं ते मोजलंच नव्हतं. हे सगळे नियम मला पाठ होते, तरीही.

या जागी मला एक गोष्ट कबूल करायची आहे, खरं तर तिच्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या एका कामगाराच्या हजेरीत बिनपगारी दिवस वाढत गेले. आधी महिन्याला तीन, मग सात, मग अकरा. मग त्याचा राजीनामा आला. कारणाच्या जागी 'प्रकृतीच्या कारणास्तव' एवढंच. मी एका दुपारी त्याचा अंतिम हिशेब काढला, सह्या घेतल्या, फाईल बंद केली. तो माझ्या टेबलासमोर खुर्चीत बसला होता. मी त्याला काही विचारलं नाही. तीन महिन्यांनी त्याची बायको आली, हातात रुग्णालयाचे कागद घेऊन. कार्यालयाचा विमा याला चालेल का, असं तिने विचारलं. तो विमा त्याच्या कामाच्या शेवटच्या दिवशीच संपला होता. मला ते तिला सांगावं लागलं. त्या दुपारी मी त्याला एक वाक्य विचारलं असतं, "काय झालंय, आणि तुमचा विमा आजपासून संपतो हे ठाऊक आहे ना?", तर कदाचित तो थांबला असता, रजेवर गेला असता. आजही त्याच्या फाईलचा क्रमांक मला पाठ आहे.

म्हणून ज्यांच्या घरी हे निदान नुकतं आलं आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. पहिल्या पंधरा दिवसांत राजीनामा देऊ नका, घर विकायला काढू नका, दीर्घ मुदतीच्या ठेवी मोडू नका, चढ्या व्याजाचं कर्ज उचलू नका. उपचार थांबवायचे नाहीत, ते डॉक्टर सांगतील त्या वेगाने होऊ द्यायचे. पण जे एकदा केलं की परत फिरवता येत नाही, असं पैशाचं आणि नोकरीचं प्रत्येक पाऊल उपचारांचं वेळापत्रक कागदावर येईपर्यंत थोपवून धरायचं.

तो कागद मागून घ्यावा लागतो. आपणहून तो कुणी देत नाही. शस्त्रक्रियेनंतर मी कर्करोगतज्ज्ञांना विचारलं, "रजा किती महिन्यांची टाकू?" मला खरोखर रजेच्या अर्जापुरतंच उत्तर हवं होतं. त्यावर डॉक्टर खुर्ची पुढे घेऊन बसले आणि समजावू लागले. या आजारात पूर्वी सरसकट सहा महिने केमो देत असत. २०१८ साली सहा चाचण्यांतल्या १२,८३४ रुग्णांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की तिसऱ्या टप्प्यातल्या कमी जोखमीच्या रुग्णांना माझीच औषधांची जोडी तीन महिने दिली, तर निष्कर्ष सहा महिन्यांच्या जवळपास तोडीचा येतो आणि हातापायांच्या नसांना होणारी इजा बरीच कमी होते. माझ्या दोनच ग्रंथींत आजार होता आणि गाठही फार खोल गेलेली नव्हती, म्हणून त्यांनी आठऐवजी चार सायकली ठरवल्या. प्रत्येकाला हे लागू होईल असं नाही. जोखीम जास्त असेल तर सहा महिनेच घ्यावे लागतात, आणि तिथे रजेचा विचार मध्ये आणू नये. पण मी विचारलं नसतं तर आठ की चार, का आठ आणि का चार, हे मला कळलंच नसतं. रजेच्या प्रश्नामुळे मला माझा उपचार समजला.

चार सायकली म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. मी घरी येऊन ते दिवस कॅलेंडरवर मांडले. पगारपत्रकं पुरी करायचे आमचे चार दिवस महिनाअखेरीला असतात आणि दुसऱ्या सायकलचा पहिला दिवस नेमका त्यात येत होता. पुढच्या भेटीत मी विचारलं, दोन दिवस पुढे ढकललं तर चालेल का? डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, दोन दिवसांनी काही बिघडत नाही, पण आठवडाभर ढकलायचं नाही. एवढ्यावर माझे बिनपगारी दिवस कमी झाले. सलाईननंतरचे चार-पाच दिवस मी कामाच्या नव्हते. नवव्या-दहाव्या दिवसापासून निम्मा दिवस बसता येई. शेवटचा आठवडा जवळजवळ पूर्ण. सलग तीन महिन्यांची रजा टाकली असती तर माझी सगळी रजा संपून वर बिनपगारी झाली असती. तुकड्यांनी घेतल्यामुळे ती पुरली. प्रत्येकाचं शरीर आणि प्रत्येकाचं काम असं वागेल असं नाही. जो उन्हात ओझी उचलतो त्याला निम्मा दिवस हा पर्यायच नसतो, हे मी पगारपत्रकांतच पाहते. पण विचारायच्या आधीच 'आपल्याला जमणार नाही' हे गृहीत धरू नये.

सहकाऱ्यांना सांगावं का, यावर घरात बराच वाद झाला. यजमानांचं म्हणणं, कुणाला कळू देऊ नकोस. मी शेवटी तिघांना सांगितलं: विभागप्रमुख, मनुष्यबळ विभागातल्या मॅडम आणि माझ्याबरोबर बसणारी मुलगी. त्या मुलीला मी पगारपत्रकं पुरी करायची सगळी पद्धत एका वहीत लिहून दिली, पायरी पायरीने. सहकाऱ्यांच्या कानावर गेल्यावर त्यांनी वर्गणी काढायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, पैसे नकोत, महिन्यातले ते चार दिवस कुणीतरी हिच्या शेजारी बसा. ते बसले. ही मदत मी कधी विसरणार नाही.

आता हाताविषयी. ऑक्सॅलिप्लॅटिनने गार वस्तूला हात लावला की बोटांत वीज चमकते. हे मला कागदावर दिलेलं होतं, पण कार्यालयात गेल्यावर त्याचा अर्थ कळला. आमच्याकडे वातानुकूलित खोली आणि लोखंडी कपाटं. पहिल्या दिवशी फाईल काढायला कपाटाची मूठ धरली आणि हात झटकन मागे आला, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवसापासून लोकरी हातमोजे घालून मूठ धरू लागले आणि त्या मुठीवर कुणीतरी कापडही गुंडाळून ठेवलं. कुणी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

गोळ्यांचा परिणाम वेगळा. तळहात लाल होतात, कातडी सोलवटते, आणि नवी येते ती गुळगुळीत. तिसऱ्या सायकलमध्ये एका सकाळी हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. 'पुन्हा ठेवा.' पुन्हा ठेवला. 'पुन्हा ठेवा.' पदराला पुसून ठेवला, तर्जनी ठेवून पाहिली. मागे रांग लागली होती. मी अंगठा डोळ्यांसमोर धरला तर त्यावर रेषाच नव्हत्या. कागदासारखा सपाट. महिनाअखेरीला मी यंत्राचा अहवाल काढला तेव्हा माझ्या नावापुढे सहा दिवस गैरहजर. त्या सहाही दिवशी मी कामावर होते, आणि आता माझ्याच हाताने माझाच पगार कापायचा होता.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहे. याच गोळ्या घेणाऱ्या सिंगापूरच्या एका रुग्णाला बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून अमेरिकेच्या विमानतळावर चार तास थांबवून ठेवलं होतं. त्याची हकीकत 'ॲनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात २००९ साली छापून आली. डॉक्टरांनी मला दोन ओळींचं प्रमाणपत्र दिलं, ते कार्यालयात लावून सहा दिवस दुरुस्त झाले. पण हे प्रमाणपत्र गोळ्या सुरू करतानाच मागून ठेवावं. जिथे जिथे अंगठा लावावा लागतो, तिथे ते लागतं. माझ्या रेषा गोळ्या बंद झाल्यावर परत आल्या.

सहीचं मात्र तसं झालं नाही. नसांचा त्रास औषध थांबल्यावर लगेच कमी होत नाही, काही महिने उलट वाढतो. शेवटच्या सायकलनंतर दोन महिन्यांनी मी बँकेत माझ्या एकटीच्या नावावरची ठेव मोडायला गेले. सही केली. जुळत नाही म्हणाले. परत केली, तरी जुळेना. पेन बोटांत आहे की नाही हेच मला नीट कळत नव्हतं. यजमान बरोबर होते, त्यांचं नाव ठेवीवर वारस म्हणून नोंदलेलं होतं. पण वारसाचा हक्क खातेदाराच्या पश्चात, हे काउंटरवरच्या गृहस्थांनी सांगितलं आणि ते बरोबरच होतं. तीन खेपा झाल्या. नवी नमुना सही देता येते, हे तिसऱ्या खेपेला एका अधिकारी बाईंनी सांगितलं, तेव्हा काम पाच मिनिटांत झालं. पहिल्याच खेपेला सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. म्हणून सांगते, हात चांगला आहे तोवर निदान एक खातं दोघांपैकी कुणालाही एकट्याने चालवता येईल असं करून घ्या. मुखत्यारपत्र, इच्छापत्र जे काही करायचं असेल त्यावरच्या सह्याही तेव्हाच करा. इच्छापत्र हा शब्द उच्चारला की घरात सगळे गप्प होतात. आमच्याकडेही झाले. मी म्हटलं, हा कागद मरणाचा नाही, माझ्या सहीचा आहे. मग केलं.

विम्याचं थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकाची पॉलिसी निराळी. माझा पहिला दावा परत आला. बायोप्सीच्या रिपोर्टवर माझं नाव आणि आडनाव, पॉलिसीवर मधलं नावही. तो रिपोर्ट दुरुस्त होऊन येईपर्यंत सोळा दिवस गेले. रुग्णालयात पहिल्यांदा नाव नोंदवताना पॉलिसीवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, सांगावं. दुसरं गोळ्यांचं. सलाईनच्या दिवसाचे पैसे मंजूर झाले, पण घरी घ्यायच्या चौदा दिवसांच्या गोळ्या 'रुग्णालयाबाहेरचं औषध' म्हणून नाकारल्या. डॉक्टरांनी लिहून दिलं की सलाईन आणि गोळ्या मिळून एकच सायकल असते, एक काढून दुसरं देता येत नाही. त्या पत्रावर पुढच्या तीन सायकलींचे पैसे मिळाले, पहिलीचे गेले ते गेलेच. नकार आला की बहुतेक लोक तिथेच थांबतात. थांबू नये. नकाराचं कारण लेखी मागावं आणि त्याच कारणावर डॉक्टरांचं पत्र जोडून परत पाठवावं.

आणि घरातल्या जुन्या फायली उघडा. यजमानांना माझ्या एका जुन्या आयुर्विमा पॉलिसीत एक कलम सापडलं: गंभीर आजाराचं निदान झाल्यास पुढचे हप्ते माफ. आम्ही निदानानंतर दोन हप्ते भरून बसलो होतो. अशी कलमं घराच्या कर्जाबरोबर घेतलेल्या विम्यातही असू शकतात. एकरकमी पैसे देणारी गंभीर आजाराची पॉलिसी असेल तर कळवण्याची मुदत आधी वाचा. आणि आरोग्यविम्याचा हप्ता उपचारांच्या गडबडीत चुकू देऊ नका. तो बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा. त्या काळात पॉलिसी बंद पडली तर पुन्हा मिळणं फार कठीण.

खर्चाची मी एक वही ठेवली होती. रकाने चारच: तारीख, कशाचा, किती, बिल आहे का. पहिल्या महिन्याची बेरीज केली आणि वाटलं, चुकलं असेल. परत केली. रुग्णालयाच्या बिलात कधीच न दिसणारे खर्च, जाण्यायेण्याचे, तपासण्यांचे, बाहेरच्या औषधांचे, यांनी घरखर्चाचा तिसरा हिस्सा खाल्ला होता. मग मी पाचवा रकाना आखला: यजमानांचे बुडालेले दिवस. ते दुरुस्तीची कामं करतात, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसा नाही. माझ्याबरोबर रुग्णालयात बसलेला त्यांचा प्रत्येक दिवस मी त्या रकान्यात लिहिला. त्यांना ते आवडलं नाही. "हे कसलं लिहितेस?" म्हणाले. पण तो खर्च खरा होता. तो दिसला म्हणून तिसऱ्या सायकलपासून दर एक आड एक खेपेला माझी बहीण बरोबर येऊ लागली आणि यजमान कामावर गेले.

हे फक्त माझ्या घरचं नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१३च्या सुमारास या त्रासाला नाव दिलं: फायनान्शियल टॉक्सिसिटी. औषधाचा जसा शरीरावर दुष्परिणाम, तसा उपचारांच्या खर्चाचा घरावर. त्याच वर्षी तिथल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्करोग झालेल्यांचं दिवाळं निघण्याची शक्यता इतरांच्या २.६५ पट निघाली. त्याच संशोधकांनी २०१६ साली पुढचं मांडलं: दिवाळं निघालेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं. म्हणजे पैशाचा प्रश्न हा उपचारांच्या बाहेरचा प्रश्न नाही. मळमळीची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी "खर्च झेपतोय का?" हेही विचारायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे २ कोटी लोकांना नव्याने कर्करोगाचं निदान झालं, आणि निदानानंतर पाच वर्षांच्या आत असलेले सुमारे ५ कोटी ३५ लाख लोक हयात होते. यातले कितीतरी लोक सकाळी उठून कामावर जात असणार, हजेरी लावत असणार. काही देशांनी त्यांचा विचार केला आहे. ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्याने कर्करोग झालेल्या कर्मचाऱ्याला निदानाच्या दिवसापासून अपंगत्वाचं संरक्षण मिळतं, आणि कामाच्या वेळा, जागा यांत वाजवी फेरफार करून देणं मालकावर बंधनकारक होतं. फ्रान्समध्ये २०२२च्या कायद्याप्रमाणे उपचार संपून पाच वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर कर्जाचा विमा घेताना तो जुना आजार सांगावा लागत नाही. असे कायदे करता येतात, हे यावरून दिसतं.

माझ्या मागण्या त्यामानाने लहान आहेत. रुग्णालयांनी उपचारांच्या आराखड्याबरोबर एक पान द्यावं: कुठल्या तारखा, किती खेपा, कुठल्या दिवसांत काम होणार नाही, साधारण खर्च किती, कुठल्या सह्या-ठशांना अडचण येऊ शकते. मालकांनी आजाराचं कारण देऊन आलेला राजीनामा त्याच दिवशी मंजूर करू नये. महिनाभर थांबावं, आणि विमा कधी संपतो, रजा किती उरली आहे, हे त्या माणसाला लेखी कळवावं. आणि आपल्या दैनिकाने पुरवणीत औषधांच्या लेखाशेजारी या बाजूचंही एक सदर चालवावं. लिहायला माणसं मिळतील. प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाकडे एकेक वही भरेल इतकं सांगण्यासारखं होतं.

आमच्या कार्यालयात दोन गोष्टी झाल्या आहेत. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असा राजीनामा आला की अंतिम हिशेबाआधी तो माणूस माझ्यासमोर बसतो आणि विम्याचा शेवटचा दिवस कागदावर वाचून मग सही करतो. आणि हजेरीच्या यंत्राशेजारी, दोरीला बांधलेल्या पेनासह, एक रजिस्टर ठेवलं आहे, ज्याचं बोट यंत्र ओळखत नाही त्याच्यासाठी. बरेच महिने त्यात फक्त माझ्याच वाकड्यातिकड्या सह्या होत्या. गेल्या आठवड्यात तिथे दुसरी सही दिसली. मी नाव पाहिलं, दुपारी त्याच्या विभागात गेले आणि विचारलं, "काय झालंय?" मग त्याच्या रजेचा तक्ता काढून आम्ही दोघं बसलो.

आपली,
एक वाचक
(नोकरीवर असल्यामुळे नाव-पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)